परतीच्या पेटीतलं काळं पुस्तक

१९७४ सालच्या सप्टेंबरातली ती सकाळ मला नीट आठवते. वाचनालयातल्या हरेश्वरभाऊंनी माझं कुलूप काढलं, आत हात घातला आणि काळ्या कापडाने बांधलेलं एक पुस्तक बाहेर काढलं. नोंद करायला त्यांनी ते उघडलं आणि ते तसेच उभे राहिले. ते वाचनालयाचं पुस्तक नव्हतं. ते उर्सुलाबाईंचं प्रार्थनेचं पुस्तक होतं. उर्सुलाबाईंना माती देऊन तीन दिवस झाले होते. ते पुस्तक त्यांच्या हातात देऊन, वर रोझरीची जपमाळ गुंडाळून शवपेटी बंद केली, असं सगळं गाव समजत होतं.

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे. अर्नाळ्याच्या रस्त्यावर आमचं वाचनालय आहे. त्याच्या ओट्यावर, दाराशेजारच्या भिंतीला मी ठोकलेली आहे. वाचनालय बंद असलं की लोक वाचून झालेली पुस्तकं माझ्या फटीतून आत टाकतात.

वादळात पडलेल्या फणसाच्या लाकडातून मला सिप्रियनभाऊंनी केलं. ते सुतार होते. उर्सुलाबाई त्यांची बायको, आमच्या ग्रंथपाल. त्यांनीच हट्ट धरला होता.

"अहो, आम्ही उघडतो दहाला. पहाटे टोपली घेऊन निघणाऱ्या बाईने पुस्तक कधी परत करायचं? सातिवलीच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जाणाऱ्याने कधी करायचं?"

सिप्रियनभाऊ कामाला लागले. आठ दिवसांत मी तयार झाले. पाऊस आत येऊ नये म्हणून त्यांनी मला उतरतं छप्पर दिलं. ते पाहून उर्सुलाबाई म्हणाल्या, "आपल्या घराचं गळतंय, ते राहिलं!"

ते दिवस चांगले होते. शाळेतल्या बाई यायच्या, वाडीतली केळी विकून परतणारे यायचे. शनिवारी दुपारी ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी उर्सुलाबाई ओट्यावर बसून मोठ्याने वाचायच्या. सुकी मासळी विकणारी एमिली पुस्तक घरी न्यायची, शेजारच्या मुलीकडून वाचून घ्यायची.

"एमिली, पुस्तकाला बोंबलाचा वास येतोय ग!"

"मग काय झालं, बाई? वाचणाऱ्याला भूक लागंल!"

समोरच्या पडवीत सिप्रियनभाऊ रंधा मारत बसायचे. त्यांनाही वाचता येत नव्हतं. पण गोष्ट रंगात आली की रंधा थांबायचा. वाचन संपलं की उर्सुलाबाई हाक मारायच्या, "अहो, साल द्या एक." रंध्यातून निघालेली लाकडाची पातळ साल त्या खूण म्हणून पानांत ठेवायच्या.

त्या पावसाळ्यात एका खलाशाच्या बायकोवरची कादंबरी चालू होती. एकवीस पानं उरली असताना उर्सुलाबाईंना ताप आला. तो उतरला नाही.

फाटलेली पुस्तकं त्या स्वतः काळ्या कापडात बांधायच्या. उरलेल्या कापडात त्यांनी आपलं प्रार्थनेचं पुस्तकही बांधलं होतं. ते आणि ती कादंबरी, दोन्ही काळी पुस्तकं उशाशी होती. सिप्रियनभाऊंनी एक त्यांच्या हातात दिलं. दुसरं वाचनालयाचं असं त्यांना वाटलं; ते वेळेवर परत गेलं पाहिजे, बायकोला उशीर आवडत नसे, म्हणून त्यांनी ते माझ्यात आणून टाकलं.

त्या सकाळी हरेश्वरभाऊंनी त्यांना बोलावून घेतलं. "सिप्रियनभाऊ, हे तुमचं आहे."

सिप्रियनभाऊंनी ते हातात घेतलं, उलटसुलट केलं. मग विचारलं, "मग तिच्या हातात काय गेलं?"

ते चर्चच्या फादरांकडे गेले. फादरांनी समजावलं की यासाठी कबर उघडता येत नाही, देव पुस्तक पाहत नाही. सिप्रियनभाऊ घरी गेले आणि त्यांनी रंधा खुंटीला टांगला.

दोन नोव्हेंबरला आमच्याकडे मृतांचा दिवस असतो. संध्याकाळी लोक कबरींवर मेणबत्त्या लावून परतत होते. बायकोचं तिला मिळावं म्हणून सिप्रियनभाऊंनी प्रार्थनेचं पुस्तक माझ्यात ठेवलं आणि ते ओट्यावर बसून राहिले. देवळाची, म्हणजे आमच्या चर्चची, घंटा झाली. तेवढ्यात माझ्यात काहीतरी पडलं. फटीपाशी कुणाचाही हात नव्हता.

मित्रांनो, पेटीला वजन कळतं. शेकडो पुस्तकं मी पोटात घेतली आहेत. हे पुस्तक माझ्या ओळखीचं होतं. फक्त त्याचे कोपरे ओले होते, आणि ते फार गार होतं.

सकाळी कुलूप निघण्याआधीच ते वजन गेलं. आत प्रार्थनेचं पुस्तक तसंच होतं. त्यावर लाकडाची एक ताजी पिवळी साल पडली होती. तिला ओली माती लागली होती.

"तुमच्या कपड्यांवरून पडली असंल," हरेश्वरभाऊ म्हणाले.

"रंधा खुंटीला आहे, हरेश्वर."

त्यानंतर दरवर्षी तसंच झालं. लोकांना कुणकुण लागली. मुलं माझ्या फटीत हात घालेनात. काहीजण पुस्तक ओट्यावर ठेवून जायचे, ते भिजायचं. माझ्या बिजागऱ्या गंजल्या, त्यांना तेल द्यायला कुणी येईना.

१९८१ साली हरेश्वरभाऊंनी खूप पत्रं पाठवून त्याच कादंबरीची एक प्रत दुसऱ्या गावच्या वाचनालयातून मागवली. "शेवट वाचून दाखवतो," ते म्हणाले.

"इथं वाच. पेटीजवळ," सिप्रियनभाऊ म्हणाले. "दोन तारखेला."

घंटा झाली. माझ्यात ते वजन आलं. हरेश्वरभाऊ वाचू लागले. बाहेर त्यांनी पान उलटलं की आत माझ्या पोटात एक पान उलटायचं. ते त्यांना ऐकू येत होतं की नाही, मला माहीत नाही. पान उलटायच्या आधी मात्र ते दर वेळी माझ्याकडे बघायचे. वीस पानं झाली. तेव्हा सिप्रियनभाऊंनी पुस्तकावर तळहात ठेवला.

"थांब."

"एकच पान राहिलंय, भाऊ."

"म्हणूनच. संपलं तर ती कशाला येईल?"

हरेश्वरभाऊंनी पुस्तक मिटलं. आतलं पान अर्धं उचललेलं होतं. ते तसंच राहिलं.

आता सिप्रियनभाऊ थकले आहेत. काठी टेकत येतात, पण दोन तारखेला येतात. मित्रांनो, माझ्या फटीत हात घालायला भिऊ नका. पुस्तक भिजू देऊ नका. आणि तुमच्या घरात कुणाला वाचता येत नसेल, तर त्याच्याजवळ बसून त्याला वाचून दाखवा. पुढच्या शनिवारवर टाकू नका.

प्रार्थनेचं पुस्तक अजून माझ्याकडेच आहे. कादंबरीचं शेवटचं पान अजून वाचलेलं नाही.