ऑटर्सना आधी कळतं कसं?

संशय घेण्याचा मला पगार मिळतो. बँकेच्या कम्प्लायन्स विभागात, म्हणजे नियम कोण मोडतंय ते शोधण्यात, एकवीस वर्षं काढली. कोण खोटं बोलतंय ते मला चेहऱ्यावरून कळतं, अशी माझी पक्की समजूत होती.

माझा मुलगा राजस त्याच्या कॉलेजच्या फ्लॅग फुटबॉल टीमचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा. हा अमेरिकन फुटबॉलच, फक्त अंगावर धडकायचं नाही. पळणाऱ्याच्या कमरेची पट्टी ओढली की डाव तिथेच थांबतो. टीमचं नाव हॉर्नबिल्स. सीझन सुरू होताना कोच फरीदनी पालकांना विचारलं, सामन्यांची नोंद कोण ठेवेल? कोणाचे किती कॅच, किती यार्ड, किती टचडाउन, म्हणजे चेंडू घेऊन किती वेळा शेवटची रेषा ओलांडली. बाकीचे आईबाप एकदम आपापल्या मोबाइलमध्ये बघायला लागले. मी हात वर केला.

कोचनी मला डावांचं कार्ड दिलं. ते मैदानाकडे नुसता नंबर ओरडतात. त्या नंबरचा डाव कोणता, ते फक्त कार्डावर असतं. खेळाडूंच्या मनगटावर ते बांधलेलं असतं आणि एक प्रत माझ्याकडे. मी ती कोणाला म्हणून दाखवली नाही. राजसने एकदा मागितली, त्यालाही दिली नाही.

दर शनिवारी सकाळी पुण्याहून इकडे परदेशात मला बाबांचा फोन यायचा. बाबा ब्याऐंशीचे, काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेले. नातवाचा सामना त्यांना ऐकायचा असायचा. "कोण कुठे पळणार ते आधी सांग गं, म्हणजे मला तो पळताना दिसतो," म्हणायचे. मग मी कानात इयरफोन घालून सांगायची, "चौदा नंबर. तन्मय उजवीकडून लांब पळणार, राजस त्याच्याकडे फेकणार." बाबा खूश, मी खूश.

आमच्यासकट पाच कॉलेजं, प्रत्येकाशी दोनदा गाठ. आठांपैकी आम्ही सहा सामने जिंकले. हरलो ते दोन, दोन्ही ऑटर्स नावाच्या टीमशी. पहिल्या वेळी हाफटाइमपर्यंत आम्ही पुढे होतो, नंतर त्यांची पोरं आमच्या आधीच जागेवर जाऊन उभी राहायला लागली. दुसऱ्या वेळी तर पहिल्या डावापासून तेच. आमचा चेंडू झेलणारा तन्मय उजवीकडे वळायच्या आत तिथे दोघं हजर! माझ्या मनात पाल चुकचुकली. कोणीतरी आतलं फोडतंय.

कोण, ते शोधायला मला फार वेळ लागला नाही. तन्मय यिशुन भागात भाड्याच्या खोलीत राहतो आणि ऑटर्सची निम्मी पोरं त्याच बाजूची. एका संध्याकाळी यिशुनच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलांच्या मंडईत, तो त्यांच्यातल्या दोघांबरोबर चिकन राइस खाताना मला दिसला. हसत होता. दोनच दिवसांपूर्वी आम्ही हरलो होतो आणि हा हसत होता! मी खांबाआडून फोटो काढला.

तन्मय नाशिकचा. स्कॉलरशिपवर आलेला, शेवटचं वर्ष. दर बुधवारी हौगांगला आमच्या घरी जेवायला यायचा, ताट स्वतः घासून ठेवायचा. टीममध्ये राजस सोडून मराठी तोच एक, आणि खरं सांगते, म्हणूनच माझा संशय आधी त्याच्यावर गेला. आपल्या माणसाचे पाय आपलाच माणूस ओढतो, हे ऐकतच मी मोठी झाले. चिनी, मलय, तमिळ पोरांकडे मी वळूनही पाहिलं नाही.

राजसला सांगितलं तर तो भडकला. "आई, डोन्ट एनीहाऊ से लाह! उगाच काहीही काय बोलतेस? तो माझा बेस्ट रिसीव्हर आहे."

"झारीतला शुक्राचार्य आहे तो," मी म्हटलं. त्याला अर्थ कळला नाही. मी समजावूनही सांगितला नाही.

कोचना फोटो दाखवला. बँकेत लिहिते तसा एक पानभर रिपोर्टही दिला, तारखांसकट. कोचनी तन्मयला बोलावून विचारलं. तो म्हणाला, ते माझे शेजारी आहेत. एवढंच. एवढं थोडक्यात कोण बोलतं? मला तर खात्रीच पटली. कोचनी फायनलच्या यादीतून त्याचं नाव काढलं. सीझनमध्ये त्याचे अकरा टचडाउन होते. कॉलेजचा विक्रमही अकराच. आणखी एक झाला असता तर पुस्तकात त्याचं एकट्याचं नाव लागलं असतं, आणि ते मीच लिहिलं असतं.

तेवढ्यावर थांबले असते तरी बरं होतं. पण त्याच्या आईने, अनघाताईंनी, त्याला सोडताना मला फोनवर म्हटलं होतं, "तुमच्या भरवशावर पाठवतेय हो." मग कळवायला नको? मी मेसेज केला: तन्मयची संगत बरी नाही, टीमशी दगाबाजी केल्यामुळे काढलंय, लक्ष ठेवा.

फायनलला कोचनी कार्ड नवीन केलं, सगळे नंबर बदलले. पहिली दहा मिनिटं आम्ही मस्त खेळलो. मग ऑटर्स पुन्हा आधीच जागेवर! तन्मय तर मागे पायऱ्यांवर साध्या कपड्यांत बसलेला. मी मनातल्या मनात दुसरं नाव शोधायला लागले. तो नवीन फिजिओ? पाणी देणारा? माझी खोड बघा, चूक माझी असेल असं तेव्हाही डोक्यात आलं नाही.

हाफटाइमला इयरफोनची बॅटरी संपली. मी बाबांना स्पीकरवर टाकलं. बाबा म्हणाले, "काय गं, तुझ्या शेजारी कोण बसतं? इतकी बडबड ऐकून ते माणूस अजून पळून कसं गेलं नाही?"

शेजारी ऑटर्सची नोंद ठेवणाऱ्या मिसेस कोह बसल्या होत्या. पन्नाशीच्या, चिनी, टोपी घालून गप्प लिहीत असायच्या. त्या खुदकन हसल्या. लगेच तोंडावर हात ठेवला, पण मी पाहिलं होतं.

"तुम्हाला कळलं?" मी मराठीतच विचारलं.

त्यांनी हात खाली घेतला. "जन्म पुण्याचा माझा. कॅम्पात आईचं पार्लर होतं. दहावीपर्यंत मराठी होतं मला."

त्यांच्या वहीत आमच्या नंबरांची यादी होती. चौदाला उजवीकडे लांब, नऊला मधून आखूड, सगळं.

"हे तुम्ही तुमच्या कोचना देता?"

"देते की. तुम्ही माझ्या कानाशी मोठ्याने सांगणार, मग मी काय कानात बोळे घालून बसू?"

अस्सल पुणेरी उत्तर. फोनमधून बाबा "काय झालं गं?" विचारत होते. मी फोन बंद केला.

कोचपाशी गेले आणि अख्ख्या टीमसमोर इंग्रजीत सांगितलं, की डाव मी फोडत होते, तन्मय नव्हे. राजसने माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. कोच म्हणाले, यादी सकाळीच बंद झाली, तन्मयला आता उतरवता येणार नाही. मग पोरांना म्हणाले, मी ओरडेन त्या प्रत्येक नंबरात तीन मिळवा.

आम्ही जिंकलो. पोरं एकमेकांवर उड्या मारत होती. तन्मय पायऱ्यांवर उभा राहून टाळ्या वाजवत होता. मी त्याच्यापाशी गेले.

"तन्मय, चुकलं माझं. मीच..."

"राजसने सांगितलं आत्ता." तो खाली बघत होता. "काकू, तुम्ही मला विचारलं असतं तर? बुधवारी जेवताना?"

मला रडू आलं. तो म्हणाला, "मॅचचं जाऊ दे. आईला तुम्ही सांगाल का? ती रोज विचारते, तू नक्की काय केलंस. मी सांगतो ते तिला खरं वाटत नाही. म्हणते, निशिगंधाताई उगाच कशाला लिहितील?"

मी तिथेच उभी राहून नाशिकला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"अनघाताई, मी निशिगंधा..."

"आता आणखी काय केलं त्याने?" त्या म्हणाल्या.

त्यांचा आवाज मोठा होता आणि तन्मय माझ्या शेजारीच उभा होता.