एक हंडा जास्त

भिमाबाईचा भाऊ बाबू मूळव्याधीनं गेला, असं गावात सगळेच म्हणत. भिमाबाईचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. मूळव्याधीनं माणूस असा वाळून काटकी होत नाही, एवढं तिला कळत होतं. शहाऐंशीच्या दुष्काळात तिला स्वतःलाच रक्त पडायला लागलं. नवरा मच्छिंद्र तुळजापूरच्या वैदूकडून बाबूला दिली होती तीच पुडी घेऊन आला, तेव्हा तिनं ती चुलीत घातली आणि अणदूरहून एकटीनं सोलापूरची एसटी धरली.

सोलापुरात महिन्यातून एकदा मुंबईचा दुर्बिणीचा डॉक्टर येई. बोटाएवढी जाड, लवचीक नळी खालून आत घालायची आणि मोठं आतडं पार टोकापर्यंत बघायचं. गाठ असली तर दिसते, तपासायला तिचा तुकडाही काढता येतो, असं त्यानं समजावलं. मात्र आतडं धुतल्या भांड्यासारखं स्वच्छ हवं. आधी दोन दिवस नुसतं पातळ घ्यायचं आणि मग एरंडेल.

घरी हे ऐकून मच्छिंद्रनं कपाळाला हात लावला. बाईमाणसानं तसली तपासणी करून घ्यायची म्हणजे गावात तोंड दाखवायची सोय उरली नाही, असं त्याचं म्हणणं. सासू सरुबाई सुनेच्या बाजूनं उभी राहिली खरी, पण घोळ तिच्याच मायेनं झाला. पातळ म्हणजे आंबील, हे तिनं धरूनच ठेवलं होतं. रिकाम्या पोटी सून एवढ्या लांब कशी जाणार, म्हणून ताकात शिजवलेलं ज्वारीचं पीठ ती वाडगे भरभरून पाजत राहिली. डॉक्टरनं नळी घातली आणि लगेच काढली. आत नुसता राडा, धड काही दिसेना. पुढच्या महिन्यात या, म्हणाला.

कुरकुरत सोबत आलेल्या मच्छिंद्रला आयतंच कोलीत मिळालं. झाली तेवढी शोभा पुरे, आता मुकाट पुडी घे, असं तो परतीच्या गाडीत बजावत होता. भिमाबाईला रडू येत होतं, आणि त्याहून जास्त संताप. मुकाट राहूनच तर बाबूदादा गेला होता.

दुसऱ्या खेपेला सरुबाईनं चुलीवर कोऱ्या चहाशिवाय काही चढू दिलं नाही. आता अडचण होती ती पाण्याची. एरंडेल घेतल्यावर प्यायला पाणी हवं, परसाकडं जायला त्याहून जास्त हवं, आणि टँकरचं पाणी घराला दोनच हंडे. दूध सोसायटीचा चेअरमन महारुद्र स्वतः उभा राहून वाटप करी. त्यानं तिचा तिसरा हंडा पायानं बाजूला सारला.

"प्यायचं पाणी हाय हे, भिमाबाई. जास्तीचं कशापायी?"

मच्छिंद्र मागून डोळे वटारत होता. सगळी रांग ऐकत होती.

"मला परसाकडंला रक्त पडतंय, चेअरमन," भिमाबाई म्हणाली. "बाबूदादालाबी पडायचं. लाजंपायी त्यो बोलला न्हाय, आन् आमी त्याला माती दिली. म्या बोलनार हाय. हंडा भरा."

महारुद्रनं मान खाली घालून हंडा भरला.

या वेळी नळी शेवटपर्यंत गेली. तपासणी झाल्यावर डॉक्टरनं मच्छिंद्रला खुणेनं बाहेर बोलावलं आणि हळू आवाजात काही सांगायला लागला. भिमाबाई अंगावरची चादर लपेटून दारात येऊन उभी राहिली.

"डॉक्टरसाहेब, आतडं माझं हाय. काय दिसलं ते मला सांगा."

डॉक्टर थोडा ओशाळला. मग त्यानं तिला बसवून सगळं नीट सांगितलं. डाव्या बाजूला गाठ होती आणि ती कॅन्सरचीच वाटत होती. तुकडा तपासून आला की खात्री होईल. पण गाठ लहान होती, आत्ताच कापली तर वाचण्याची आशा चांगली होती. भावाचं ऐकून तो म्हणाला, त्याच्या मुलानंही एकदा तपासून घ्यावं, त्रास नसला तरी. मच्छिंद्र भिंतीला टेकून लहान पोरासारखा रडायला लागला. भिमाबाईनं विचारलं, कधी कापता?

टाके सुकल्यावर ती पहिल्यांदा घराबाहेर पडली ती टँकरपाशीच. बाबूचा थोरला सिदू, तिशीतला बाप्या, रांगेत उभा होता. मला काय धाड भरलीय, म्हणून तो महिनाभर आत्याला टाळत होता. तिनं भर रांगेत त्याचं मनगट धरलं आणि त्याला महारुद्रसमोर आणून उभं केलं.

"पुढल्या महिन्यात ह्याचा नंबर हाय," ती म्हणाली. "एक हंडा जास्त लागंल. आत्ताच सांगून ठिवते."