खेचराची फांदी

दादा गेला, तरी धाकटीला रडू आलं नाही. काचघरात यायचं, कुंड्यांना पाणी घालायचं, घरी जायचं. लोक म्हणत, खंबीर आहे हो. डोंबलाची खंबीर! आतून नुसती बधिर झाली होती.

दादा तिचा सख्खा भाऊ, त्याच काचघरातला संशोधक. रानातलं एक फुलझाड आणि बागेतलं एक, असा त्याने संकर केला होता. झाड फुलायचं झकास, पण बी काही धरेना. म्हणून त्याने त्याचं नाव ठेवलं खेचर. "दोन घरची गुणसूत्रं, जोड्या जुळणार कशा?" तो म्हणायचा. "प्रत्येकाची आणखी एक प्रत झाली, की ज्याला त्याला जोडीदार. गहू तरी असाच संकरातून नाही का आला?" दवाखान्यात भरती होण्याआधी त्याने खेचराच्या शेंड्यांना गुणसूत्रं दुप्पट करणारं औषध लावून ठेवलं होतं.

आता साहेब म्हणाले, "जागा हवी आहे. बी न धरणारं सगळं शनिवारी काढू."

"बरं," धाकटी म्हणाली.

तरी दादाचं झाड गबाळं जायला नको, म्हणून ती कात्री घेऊन बसली. एक फांदी खुरटलेली, पानं जाड, सुरकुतलेली. रोगट दिसली. कापून बादलीत टाकली. मग रोग कसला ते बघावं, म्हणून सवयीने पानाचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली धरला. रंध्रं नेहमीपेक्षा कितीतरी मोठी होती. गुणसूत्रं दुप्पट झाल्याची ही खूण. औषध लागू पडलं होतं, आणि तिने नेमकी तीच फांदी छाटली होती. तशी दुसरी झाडावर नव्हती.

तेव्हाही तिला काही वाटलं नाही. बादली उपसली, मलूल झालेली फांदी ओल्या वाळूत खोचली, वर बरणी पालथी घातली आणि स्वतःच्या टेबलावर ठेवून दिली.

शनिवारी खेचर उकिरड्यावर गेलं. फांदी मात्र चिवट निघाली. तिने मुळं धरली, पुढे कळ्याही आल्या. पहिलं फूल उमललं तसं धाकटीने त्याचे पराग लाल रंगात घालून पाहिले. खेचराचे पराग पोकळ असायचे, रंग धरत नसत. हे टच्च भरलेले, लालभडक.

तिने दादाच्या घरी वहिनीला फोन लावला. "वहिनी, खेचराचे पराग भरले. आता बी धरेल."

"अगं बाई, खरंच?" वहिनी म्हणाली. "थांब हं, ह्यांना देते."

मग पलीकडून काहीच ऐकू येईना. धाकटीने फोन कानाला तसाच धरला आणि रडायला लागली.