शेवट वाचकांवर सोपवलेला

शशिकलेने नवऱ्याला साधा प्रश्न विचारला होता : आपण भोपाळला जायचं, की इंदुरातच राहायचं? त्यावर लक्ष्मीकांत खिडकीबाहेर बघत म्हणाला, "जाणं म्हणजे तरी काय, शशी? माणूस जातो, पण काही मागे राहतंच." तिने लाटणं पोळपाटावर आपटलं. भाजी काय करू विचारलं तरी हा माणूस धड उत्तर देईल तर शपथ!

नवं राज्य झालं, राजधानी भोपाळला गेली आणि पाठोपाठ एकेक सरकारी कचेरीही निघाली, त्यात लक्ष्मीकांतचीही. ज्याला जायचं नसेल त्याची सोय इथेच दुसऱ्या खात्यात होणार होती. इकडे मुलींच्या शाळेत शशिकलेला कायम करणार होते आणि हेडबाईंना सोमवारी हो की नाही ते सांगायचं होतं. ही नोकरी तिने सासर-माहेर दोघांशी भांडून मिळवली होती.

पण लक्ष्मीकांत पडला कथालेखक. त्याच्या कथेत कोण मेलं, कोण पळालं, याचा शेवटपर्यंत पत्ता लागत नसे आणि लोक "काय गूढ लिहिता हो!" म्हणून माना डोलवत. कथेत धुकं खुशाल असू दे, तिलाही ते आवडे. ते स्वयंपाकघरात कशाला?

रविवारी राजवाड्यामागे अप्पासाहेबांच्या दिवाणखान्यात कथामंडळ भरलं. तिथला दंडक लक्ष्मीकांतनेच घातलेला. कथा दुसऱ्याने वाचायची आणि चर्चा संपेपर्यंत लेखकाने तोंड उघडायचं नाही. त्या दिवशी कथा त्याची होती आणि वाचायची पाळी शशिकलेची.

चहा घेताना त्याच्या कचेरीतले कृष्णराव हसत म्हणाले, "क्यों भाभीजी, भोपाळला मन लागेल ना? लक्ष्मीकांतजींनी तर साहेबांना कब का हो म्हणून टाकलंय!"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे साहेबांपुढे याला सरळ 'हो' म्हणता येत होतं! धुकं तेवढं बायकोसाठी राखून ठेवलेलं.

ती वाचायला बसली. कथेतला नवरा बायकोसह स्टेशनवर उभा होता, गाडी आली होती. शेवटचं वाक्य होतं, 'शिट्टी झाली, आणि फलाटावर दोन सावल्या उरल्या, किंवा एक.' तिने ते वाचलं, कागद मिटले आणि त्याच सुरात पुढे म्हणाली, "तो गाडीत बसला. ती घरी परतली, कारण सोमवारी तिला शाळा होती."

लक्ष्मीकांत ताडकन उठला. "हे मी..."

"लेखकाने गप्प बसायचं!" अप्पासाहेब गरजले. दंडक स्वतःचाच, करतो काय? बसला ओठ आवळून.

"गूढपणा पार गेला हो," अप्पासाहेब हळहळले. "शेवट वाचकांवर सोपवायला हवा होता."

"रहने दो अप्पासाहेब," कृष्णराव अस्सल इंदुरी ठसक्यात म्हणाले, "मला तर यांची कथा पहिल्यांदाच समजली, भिया!"

कोपऱ्यातून लीलाबाईंनी विचारलं, "पण ती का नाही जात?"

"तिला कोणी विचारलंच नाही," शशिकला म्हणाली. आवाज कापला, त्याचाही तिला राग आला.

कृष्णरावांचा चेहरा एकदम उतरला. बाकी सगळे सतरंजीकडे बघू लागले. अप्पासाहेबांनी घसा खाकरला. "आता लेखकाने बोलावं."

लक्ष्मीकांत उभा राहिला. सवयीने नजर खिडकीकडे गेली, मग ओशाळून बायकोकडे आली. "शशी," तो म्हणाला, "तू माझ्याबरोबर भोपाळला येशील का?"

इतकं सरळ वाक्य त्याच्या तोंडून तिने लग्नानंतर प्रथमच ऐकलं. तिला भडभडून आलं. मेल्या, हेच चुलीपाशी विचारलं असतंस तर मी निदान विचार तरी केला असता!

"नाही," ती म्हणाली.

त्यावर चर्चा करावी असं कोणालाच वाटलं नाही. अप्पासाहेबांनी मंडळ संपल्याचं सांगितलं.