दुधराम उस्ताद आणि मी

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. शाळेतला नव्हे, बागेतलाही नव्हे. पाठीवर झोपून लोखंडी रॉड उचलतात ना, तो जिममधला बाक. १९९९ साली गोंदियात, रेल्वेच्या रुळांपलीकडे एका वेल्डिंगच्या दुकानात माझा जन्म झाला. चौकोनी पाइप कापून माझे पाय केले, डोक्याशी रॉड ठेवायला दोन खांब जोडले आणि वर स्पंज घालून लाल रेक्झिन ताणून बसवले. ते इतके चकचकीत होते, की मालक केशोरावांनी आधी शर्टाला हात पुसले आणि मगच मला हात लावला.

तांदळाच्या एका रिकाम्या गोदामात केशोरावांनी जिम काढली होती. तिथे रोज काही ना काही घडायचे. कोणी डंबेल स्वतःच्याच पायावर पाडून घ्यायचा. कोणी चालत्या ट्रेडमिलवर मान वळवून आरशात दंड बघायचा आणि थेट भिंतीपाशी जाऊन बसायचा. कापडाचे व्यापारी नंदलालशेठ तर एकदा माझ्यावर झोपून रॉड छातीवर घेऊन अडकले. "अरे, कोई उठाओ रे!" एवढेच त्यांच्या तोंडून निघाले. व्यायाम शिकवणारे दुधराम उस्ताद धावत आले, रॉड उचलला आणि शेठना पाणी दिले. बाकीचे हसत होते. उस्ताद हसले नाहीत.

उस्ताद गोंदियाजवळच्या दवनीवाडा गावाकडचे. रुंद खांदे, जाड मिशा, बोलणे कमी. त्यांच्या जोडीला ओमेश्वर नावाचा तरुण शिकवायला होता. तो भारी बडबड्या. त्याच्यामुळे जिममध्ये हशा असायचा आणि उस्तादांमुळे कोणाचे हाड मोडायचे नाही. दोघांचे छान जमायचे.

एका दुपारी जिम रिकामी होती. उस्ताद माझे नट आवळत होते आणि आपल्याच नादात गुणगुणत होते. आवाज बारीक, गोड, अगदी बाईचा. ओमेश्वर दारातच थबकला.

"काऊन गा उस्ताद, हा कोनाचा आवाज होय?"

उस्तादांच्या हातातला पाना थांबला. मग ते माझ्यावर बसले आणि हळूच म्हणाले, "माहाच होय. मी दंडारीत बाई बनत होतो."

दंडार म्हणजे आमच्याकडच्या गावांतला नाच-गाण्याचा खेळ. त्यात बायकांची कामेही पुरुषच करतात. उस्ताद तरुणपणी लुगडे नेसून राणी व्हायचे. त्यांचे रडणे ऐकून समोरच्या बाया पदर डोळ्याला लावायच्या.

"खेळ संपला का तेच लोक टिंगल करत," उस्ताद म्हणाले. "बजारात गेलो तरी मले बाईच्या नावानं हाका मारत. म्हनून गाव सोडलो, अंग कमावलो. इथं मले सारे उस्ताद म्हनतेत. कोनाले सांगू नोको, भाऊ."

"मी कायले सांगू!" ओमेश्वर म्हणाला. त्या क्षणी तो मनापासून बोलत होता, असे मला अजूनही वाटते.

पुढे हनुमान जयंती आली. जिममध्ये पूजा झाली, सगळी पोरे जमली. ओमेश्वरला लोकांना हसवण्याची सवय होती. त्या दिवशी त्याचे विनोद संपले असावेत. तो एकदम ओरडला, "आता आपले उस्ताद लुगडं नेसून नाचून दाखवतीन! खरंच सांगून राहिलो, दंडारीत राणी बनत होते!"

उस्ताद प्रसाद वाटत होते. त्यांनी ओमेश्वरकडे वळून पाहिले. पोरांनी शिट्ट्या मारल्या, मोबाइल वर धरले. "गाना सुनाओ, गाना!" उस्तादांनी ताट माझ्यावर ठेवले आणि खरोखरच गायला सुरुवात केली. त्यांना वाटले असेल, ऐकतील तर गप्प होतील. पण शिट्ट्या थांबल्या नाहीत. दुसऱ्या ओळीतच त्यांनी गाणे सोडले, ताट उचलले आणि उरलेला प्रसाद वाटला.

त्यानंतर त्यांचे कोणी ऐकेना. एके दिवशी टिकेश नावाचा पोरगा माझ्यावर झोपून रॉड उचलू लागला. वजनाच्या चकत्या घसरू नयेत म्हणून लावायच्या क्लिपा त्याने लावल्या नव्हत्या.

"क्लिपा लाव, टिकेश," उस्ताद म्हणाले.

"हो, राणीसाहेब!" टिकेश म्हणाला. सगळे हसले. ओमेश्वरही हसला.

रॉड वर नेताना टिकेशचे हात वाकडे झाले. एका बाजूच्या चकत्या घसरून पडल्या आणि रॉड दुसऱ्या बाजूने त्याच्या तोंडावर कलंडला. उस्तादांनी मध्ये हात घातला. टिकेश वाचला, पण रॉड आणि माझा खांब यांच्यात उस्तादांचे मनगट चिरडले. तो आवाज सर्वांत जवळून मी ऐकला.

मनगट नीट जुळले नाही. वजन उचलता येईना, तेव्हा उस्ताद गावी परतले. केशोरावांनी राहा म्हटले होते. ते राहिले नाहीत.

ओमेश्वर त्यांना भेटायला गेला. परत आला तेव्हा केशोरावांनी विचारले, "माफी मागितली का रे?"

"नाही जी," तो म्हणाला. "त्यायनं चहा पाजला, ट्रेडमिल कशी चालून राहिली ते विचारलं. माह्या तोंडातून शब्दच निघाला नाही. पुढच्या खेपेला मांगतो."

पुढच्या खेपेला घराला कुलूप होते. शेजारी म्हणाले, नागपूरकडे गेले. कुठे, ते माहीत नाही. ओमेश्वरने पुष्कळ शोध घेतला. उस्ताद सापडले नाहीत.

आता नवी यंत्रे आली आहेत आणि मी मागच्या पडवीत पडून आहे. पायांना गंज चढला आहे, रेक्झिन फाटले आहे. मित्रांनो, माझे फारसे बिघडलेले नाही. थोडे तेल, नवे कापड मिळाले तर मी पुन्हा उभा राहीन. वस्तू वापरता तशा सांभाळाही, एवढेच मागणे. पण कोणी विश्वासाने तुम्हाला मनातले काही सांगितले, तर ते जास्त जपा. आणि चूक झालीच, तर त्या माणसाच्या घरी चहा पिताना गप्प बसू नका. तो समोर आहे, तोवर बोलून टाका.