पाणबुड्याचं घड्याळ

इमाम शिकलगारला पोहता येत नव्हतं. समुद्र त्यानं आयुष्यात दोनदा पाहिला, तोही काठावरून. तरी बारामतीच्या एसटी स्टँडमागच्या त्याच्या दुकानात, आतल्या कपाटात, अकरा जुनी घड्याळं होती आणि ती सगळी समुद्रात बुडी मारणाऱ्या पाणबुड्यांची. जाड काच, काळी तबकडी, अंधारात हिरवे दिसणारे आकडे आणि भोवती टकटक करत फिरणारं कडं. पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या भंगारवाल्यांकडे, एकदा तर मोडीत निघालेल्या जहाजाच्या सामानात हात घालून त्यानं ती शोधली होती. पंचवीस वर्षं गेली होती त्यात.

"एवढं काय हाय त्यात?" त्याची बायको बिबीजान विचारायची.

"खाली जाताना माणूस हे कडं फिरवायचा," तो सांगायचा. "टाकीत हवा किती मिनटं पुरंल, ते ह्याच्यावर बघायचा. चुकला, की वर येत न्हाय. ज्यानं हे घातलं, त्याचा जीव ह्याच्यात होता."

म्हणून तो त्या घड्याळांवरचे ओरखडे कधी घासून काढत नसे.

ते ओरखडे कसे पडतात हे मात्र त्याला मानसिंग तात्यांनी सांगितलं. तात्या इंदापूर तालुक्यातले, उजनीच्या पाण्याकाठच्या गावचे. अठरा वर्षं नौदलात पाणबुडे होते. काचेखाली वाफ धरते म्हणून ते पहिल्यांदा दुकानात आले आणि त्यांच्या मनगटावरचं घड्याळ पाहून इमाम उभाच राहिला. इतकं देखणं त्याच्याकडे एकही नव्हतं.

"तात्या, हे मला द्या."

"हात कापून ने," तात्या हसले.

त्यानंतर ते दर महिन्याला यायचे. घड्याळाला काही झालेलं नसायचं. चहा व्हायचा आणि तात्या सांगत बसायचे. कोचीच्या बंदरात जहाजाच्या पंख्यात दोरखंड अडकला होता तेव्हाचं तर इमामनं कितीदा ऐकलं असेल. पाणी इतकं गढूळ की स्वतःचा हात दिसत नव्हता. दिसत होते फक्त घड्याळाचे हिरवे काटे. बारा वर्षं हे असं चाललं.

मग तात्या विसरू लागले. आधी बसचा नंबर, मग दुकानाचं वळण. त्यांच्याबरोबर त्यांच्या पत्नी लीलाबाई येऊ लागल्या. एका मंगळवारी तात्या आत आले ते मोकळं मनगट पुढे करूनच.

"माझं घड्याळ कुठं हाय? तूच घेतलंस. पहिल्या दिवसापासनं तुझी नजर हुती."

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. लीलाबाई मागून हात जोडत म्हणाल्या, "अवो, घरीच कुठंतरी पडलंय. भाऊ, त्यांचं मनावर घेऊ नगा."

इमामचा चेहरा उतरला. नजर होती, हे काही खोटं नव्हतं. तो आत गेला आणि कपाटातलं सगळ्यात चांगलं घड्याळ घेऊन आला.

"तुमीच दुरुस्तीला दिलं हुतं की, तात्या. माझ्याच ध्यानात ऱ्हायलं न्हाय."

गिऱ्हाइकांनी एकमेकांकडे पाहिलं. ती काय समजली ते इमामला दिसलं. त्यानं तात्यांच्या मनगटावर पट्टा बांधला. तात्यांनी कडं फिरवून पाहिलं आणि ते शांत झाले.

दोन महिन्यांनी लीलाबाईंचा फोन आला. तेही हरवलं होतं. इमाम दुसरं घेऊन गेला. मग तिसरं. कधी ते एसटीत राहिलं, कधी कालव्यावर हातपाय धुताना. आपल्या घड्याळाच्या तबकडीचा आकार वेगळा होता, हेही तात्यांना आठवत नव्हतं. घड्याळ बांधलं की त्यांचे खांदे सरळ व्हायचे आणि थोडा वेळ ते नीट बोलायचे. त्या थोड्या वेळासाठी इमाम इंदापूरची एसटी धरायचा. दीड वर्षात कपाटात सहाच घड्याळं उरली. बिबीजाननं ती मोजली आणि कपाट लावून घेतलं.

सहावं घेऊन तो गेला तेव्हा तात्या ओसरीवर बसले होते. त्यानं पट्टा बांधला. तात्यांनी मनगट उलटसुलट करून पाहिलं, पट्टा सोडला आणि घड्याळ परत केलं.

"ह्ये कुनाचं वो? माझं न्हाय."

"तुमचंच की. नौदलातलं."

"मी कशाला जातोय नौदलात? आमी शेतकरी मानसं."

लीलाबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या. इमाम तात्यांजवळ टेकला. मग तो कोचीचं सांगू लागला. गढूळ पाणी, दोरखंड, चाचपत चालवलेला सुरा, हिरवे काटे, उरलेली चार मिनिटं. एकही तपशील त्यानं सोडला नाही. तात्या पुढे वाकून ऐकत होते, एखाद्या परक्या माणसाची हकिगत ऐकावी तसे.

"मग? वर आला का त्यो?"

"आला," इमाम म्हणाला.

"बरं झालं," तात्या म्हणाले आणि अंगणातल्या कोंबड्यांकडे पाहू लागले.

त्यानंतर इमाम गेला नाही. आज जाऊ, उद्या जाऊ, असं करत अडीच महिने गेले. फोन वाजला की तो आधी नाव बघायचा. लीलाबाईंनी दोनदा केला, त्यानं एकदाही उचलला नाही. तिसरा फोन तात्यांच्या पुतण्याचा, रविराजचा होता. तात्या पहाटे गेले होते.

दहाव्याला इमाम नरसिंहपूरला गेला. संगमावरचे विधी होईपर्यंत तो लांब, पायऱ्यांवर उभा होता. सगळं आटोपल्यावर लीलाबाईच त्याच्याकडे आल्या.

"वहिनी, मी यायला पायजे हुतं."

"शेवटी कुनालाच वळखत नव्हते, भाऊ. मलाबी न्हाय. तुमी आला असता तरी काय?"

त्या हे आपल्याला हलकं वाटावं म्हणून सांगताहेत, हे त्याला कळलं. त्याला म्हणायचं होतं की त्यांनी ओळखलं नसतं, पण मी तर ओळखलं असतं. तेवढ्यात खाली रविराज ओल्या अंगानं पाण्यातून वर येत होता. लीलाबाई त्याला टॉवेल द्यायला पायऱ्या उतरू लागल्या.