दुसरा रिमोट

आमच्या कालीघाटच्या मराठी मंडळाला नवरा-बायकोला एकमेकांविरुद्ध बोलायला उभं करायची जुनी खोड आहे. गणपतीत वादविवाद स्पर्धा असते आणि तिची शेवटची फेरी एका जोडप्यासाठी राखून ठेवलेली असते. विषय ठरलेले: नोकरी करणारी सून, मोबाइल शाप की वरदान, पुण्याचा चहा की इथला. घरात जे बोलायची हिंमत होत नाही ते माइकवर बोललं की सगळ्यांना गंमत वाटते. यंदा आमच्या अध्यक्षा प्रेमलताकाकूंनी आम्हाला निवडलं, मला आणि माझ्या नवऱ्याला, केयूरला. काकूंना फोनवर नाही म्हणायला मला एकही कारण सुचलं नाही, कारण जे खरं कारण होतं ते कुणाला सांगायचं नाही असं आमचं ठरलं होतं.

खरं कारण असं की केयूर मला सोडून चालला होता. भांडण नाही, दुसरी बाई नाही, काहीच नाही. जूनमधल्या एका रविवारी चहा पिता पिता त्याने सांगितलं की त्याला एकट्याने राहायचंय, बंगळुरूची नोकरी त्याने घेतली आहे, आणि मी बरोबर येऊ नये. मी आरडाओरडा केला, एक कप फोडला, तोही माझाच आवडता. मग मी त्याच्याकडे एकच गोष्ट मागितली. घरच्यांना गणपती विसर्जनानंतर सांगू. माझ्या आईला सणासुदीला त्रास नको, असं म्हटलं. आईचं आपलं नाव पुढे केलं एवढंच. मला वेळ हवा होता. तेवढ्या दिवसांत त्याचं मन बदलेल अशी मला आशा होती, आणि ती कुणाला बोलून दाखवायचीही सोय नव्हती.

विषय सलीलने काढला. सलील मंडळाचा सांस्कृतिक सचिव, इथेच जन्मलेला, मराठी बोलता बोलता बंगालीत घसरणारा मुलगा. सुनेचा विषय पुन्हा आला तर मी राजीनामा देईन, असं त्याने बैठकीत सांगून टाकलं आणि नवा विषय लिहून दिला: 'जुन्या खेळापेक्षा त्याची नवी, हातात मावणारी आवृत्ती सरस आहे.' ज्येष्ठांना त्यातलं ओ की ठो कळलं नाही. पण खेळ कुठला ते समजल्यावर सगळे खूश झाले, कारण आमच्या लग्नाची गोष्ट मंडळात सगळ्यांना पाठ होती.

केयूरचे वडील रेल्वेत. ते बदली होऊन गार्डन रीचला आले तेव्हा आम्ही दोघं सातवीत होतो. त्यांच्या क्वार्टरमध्ये खिदिरपूरच्या फॅन्सी मार्केटमधून आणलेला व्हिडिओ गेम होता आणि त्यात एक भलामोठा खेळ. एक तलवारबाज आणि एक वैद्यीण एका राज्यातून चालत जातात, लढतात, गावोगावच्या लोकांशी बोलतात, हळूहळू शहाणे आणि ताकदवान होतात. कंट्रोलरला आम्ही रिमोटच म्हणायचो. दुसरा रिमोट जोडला की वैद्यीण दुसऱ्या माणसाच्या हातात जायची. तो दुसरा रिमोट माझा. दर रविवारी आई मला तिथे सोडायची, आणि असं करत करत आम्ही शेवटच्या किल्ल्यापर्यंत पोचलो. तेवढ्यात त्याच्या वडिलांची बिलासपूरला बदली झाली आणि किल्ला राहिला. पुढे नोकरीसाठी केयूर परत आला, आमचं लग्न झालं, आणि प्रत्येक समारंभात तो सांगायचा की किल्ला राहिला होता म्हणून हिच्याशी लग्न केलं. लोक हसायचे, मीही हसायचे. तो जुना गेम आमच्या डमडमच्या फ्लॅटमध्ये माळ्यावर पडून आहे. काढू काढू म्हणत आम्ही तो कधीच काढला नाही.

यंदा त्याच खेळाची नवी आवृत्ती आली. वहीएवढं यंत्र, त्यातच पडदा, त्यातच बटणं. तयारीसाठी सलीलने त्याचं यंत्र मला दोन दिवस दिलं आणि माझं डोकंच फिरलं. चित्रं सुरेख, त्याबद्दल तक्रार नाही. पण दुसऱ्या खेळाडूची सोयच काढून टाकलेली. वैद्यिणीला आता यंत्रच चालवतं, आणि मेलं काय छान चालवतं! तलवारबाजाला खरचटलं की औषध हजर. मला ते जन्मात वेळेवर जमलं नाही. जुन्या खेळात मी चुकले की वैद्यीण पडायची, आणि मग केयूरला तिला पाठीवर घेऊन जवळच्या गावापर्यंत जावं लागायचं. तिला उचललेलं असताना तलवारबाजाला धावता यायचं नाही, तलवार काढता यायची नाही, शत्रू दिसला की झुडपामागे लपायचं. नव्या खेळात ती पडलीच तर जरा वेळाने आपली आपण उठते, कपडे झटकते आणि चालायला लागते. ते बघून मला ते यंत्र खिडकीबाहेर फेकावंसं वाटलं. दुसऱ्याचं होतं म्हणून वाचलं.

बाजू चिठ्ठ्या टाकून ठरतात. मला आली नव्याची बाजू. जो खेळ मला डोळ्यांसमोर नको होता त्याची आरती मीच ओवाळायची. केयूरला जुन्याची आली. तो चिठ्ठी वाचून हसला, आणि मला बरं वाटलं. मला वाटलं, निदान त्याला तरी खोटं बोलावं लागणार नाही.

त्या संध्याकाळी हॉल भरलेला होता. परीक्षक सदाशिवकाका, बँकेतून निवृत्त झालेले. खेळांशी त्यांचा संबंध ब्रिजपुरता, आणि हे त्यांनी सुरुवातीलाच प्रांजळपणे सांगितलं. आधी मी बोलले. जुन्या खेळाला टीव्ही लागतो आणि टीव्हीसमोर घरचे बसलेले असतात, इथपासून मी सुरुवात केली. मग लोडशेडिंगवर आले. खेळातल्या ज्या गावात दिवा असेल तिथेच तोवरचा खेळ सेव्ह करता यायचा, आणि गावाला पोचायच्या आत वीज गेली की दुपारभराची मेहनत पाण्यात. नवा खेळ मेट्रोत खेळा, दंतवैद्याकडे खेळा, हवा तिथे थांबवा. हशा पिकत होता. मला चेव चढला. म्हटलं, नव्या खेळाचा सगळ्यात मोठा गुण हा की कुणाची वाट बघावी लागत नाही. नवी वैद्यीण रुसत नाही, मध्येच पाणी प्यायला उठत नाही, चुकीचं बटण दाबत नाही. "ज्याला एकट्याने चालायचं आहे त्याला हा खेळ अडवत नाही," असं मी शेवटी म्हणाले आणि केयूरकडे बघितलं. तो टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीकडे बघत होता. टाळ्या मात्र दणकून पडल्या.

मग केयूर उठला. सुरुवात त्याने नेहमीसारखी केली, माझी थट्टा, सदाशिवकाकांच्या ब्रिजची थट्टा. किल्ल्याची गोष्टही सांगितली आणि सगळ्यांनी तिचा शेवट त्याच्याबरोबर म्हटला. मग त्याने थट्टा सोडली.

"जुन्या खेळात वैद्यीण पडली की तिला उचलून न्यावं लागायचं," तो म्हणाला. "विनी सारखी पडायची. मी तेव्हा चिडायचो. पण खरं सांगतो, त्या खेळातली एकही लढाई मला आता आठवत नाही. आठवतं ते तेवढंच. खेळात संध्याकाळ झालेली, ती पाठीवर, गाव लांब, आणि धावता येत नाही. इकडे विनी शेजारी बसून सारखी सॉरी म्हणतेय. नव्या खेळात हे काढून टाकलंय, कारण लोकांना कंटाळा येतो म्हणे. माझ्या मते खेळ तेवढाच होता. बाकी नुसती मारामारी."

मागच्या रांगेतली पोरं, ज्यांना निम्मं मराठी कळत नाही, तीसुद्धा मोबाइल खाली ठेवून ऐकत होती. प्रेमलताकाकूंनी पदराने डोळे टिपले. आणि मी? मी हिशेब मांडायला लागले. स्पर्धेत जिंकायला इतकं बोलावं लागत नाही. चित्रांवर बोलता आलं असतं, संगीतावर बोलता आलं असतं. हे तो माझ्यासाठी बोलला, सगळ्यांदेखत बोलला, माझ्याशी एकटीशी बोलवेना म्हणून इथे बोलला. जूनपासून मी ज्याची वाट बघत होते ते हेच, अशी माझी खात्रीच पटली.

नियमाप्रमाणे शेवटचं उत्तर माझं होतं. मुद्दे तयार होते, चांगले होते. मी माइकपाशी गेले आणि म्हणाले, "मी माझी बाजू मागे घेते. जुनाच चांगला होता." सदाशिवकाका गडबडले. बाजू मागे घेतली तर गुण कसे द्यायचे हे नियमात नव्हतं. त्यांनी सलीलला विचारलं, सलीलने हात वर केले, आणि टाळ्यांच्या गजरात केयूरला स्टीलचा डबा बक्षीस मिळाला. मग आम्हाला शेजारी शेजारी उभं करून फोटो काढले. केयूरने माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. मी त्या हाताचासुद्धा अर्थ लावत बसले.

आम्ही कालीघाट मेट्रोकडे चालत निघालो. दुर्गापूजेच्या मांडवांचे बांबू रचायला सुरुवात झाली होती, त्यामुळे फुटपाथवर एका वेळी एकच माणूस जाईल एवढी वाट. तो पुढे, मी मागे. एका मिठाईच्या दुकानापाशी जरा रुंद जागा आली तेव्हा मी त्याच्या शेजारी गेले आणि विचारलं, मनापासून बोललास का. तो हो म्हणाला, लगेच म्हणाला.

मग मी धीर केला. म्हटलं, माळ्यावरून तो गेम काढू या. रिमोट चालतात का बघू, नाही चालले तर दुरुस्त करून आणू. तू जायच्या आधी आपण किल्ला संपवू. त्यापुढचं मी बोलले नाही. किल्ला दोन संध्याकाळींत संपणार नाही हे मला माहीत होतं. मी तर मुद्दाम हळू खेळणार होते.

केयूर थांबला. डबा त्याने या हातातून त्या हातात घेतला.

"विनी, मी संपवलाय तो."

मला आधी कळलंच नाही. माळ्यावर कधी चढला होता हा, असं काहीतरी मी विचारलं. तो म्हणाला, जुना नाही, नवा. त्याने यंत्र घेतलं होतं. ऑफिसच्या बॅगेत असायचं. मेट्रोत जाता-येता खेळायचा. जुलैमध्ये संपला. त्या बॅगेतून रोज संध्याकाळी मीच त्याचा जेवणाचा डबा काढते, पण पुढचा कप्पा मी कधी उघडला नव्हता.

"सांगणार होतो," तो म्हणाला. "पण तू विचारशील कसा संपतो, म्हणून राहिलं."

कसा संपतो ते मी विचारलं नाही. मला एवढंच विचारावंसं वाटलं, "वैद्यीण कुठे पडली का?"

तो खोटं बोलू शकला असता. इतकी वर्षं संसार केल्यावर एवढं खोटं मला चाललं असतं, मी ते घेऊन घरी गेले असते. पण केयूर खोटं बोलत नाही, हीच त्याची सगळ्यात वाईट सवय आहे.

"नाही," तो म्हणाला. "एकदाही नाही."

मला रडू फुटलं. मिठाईवाला बघत होता, बघू दे म्हटलं. एका यंत्राचा कुणी मत्सर करतं का? मला झाला. माझी जागा इतकी सहज भरली होती. डमडम ते पार्क स्ट्रीट, रोज, गर्दीत उभ्याने, तो शेवटापर्यंत जाऊन आला होता आणि त्याला वाटेत कुणाला उचलावं लागलं नव्हतं. मी त्याला विचारलं की मग मघाशी सगळ्यांसमोर जे बोललास ते काय होतं. मी ओरडून विचारलं असावं, कारण एक बाई वळून बघायला लागली.

"ते खरंच होतं गं," केयूर म्हणाला. त्याचेही डोळे भरले होते, ते मी नाकारत नाही. "पण ते तेव्हाचं होतं."

इतके दिवस मी त्याचं मन वळायची वाट बघत होते. ते वळायचं राहिलंय असं धरून चालले होते. प्रत्यक्षात तो कधीचाच पलीकडे पोचला होता आणि मला वाईट वाटू नये म्हणून माझ्याबरोबर थांबून राहिला होता. माझं सोडून द्या, पण विसर्जनापर्यंत त्याला तसंच थांबवून ठेवणं मला त्या क्षणी अगदी नकोसं झालं. मी पदराच्या टोकाने तोंड पुसलं.

"आईला उद्याच सांगू," मी म्हणाले. "विसर्जनापर्यंत कशाला?"

"नक्की?"

"नक्की."

तो बरं म्हणाला आणि पुढे चालू लागला. पुन्हा बांबू आले, पुन्हा अरुंद वाट, मी त्याच्या मागे. मागून मला त्याचे खांदे दिसत होते. जूनपासून ते असे सैल झालेले मी पाहिले नव्हते. इतका मोकळा झाला होता तो, आणि ते त्याच्या लक्षातही आलं नसेल. भराभर पावलं टाकत तो स्टेशनच्या जिन्यापाशी पोचलासुद्धा. मी अजून अर्ध्या वाटेत होते.